पाच गुणिले तीनसाठी चार संध्याकाळी

कमांड-लाइन आर्ग्युमेंट्स (प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे जे टाइप करतो ते) हा विषय आमच्या नोट्समध्ये जेमतेम दीड पानाचा होता. त्या दीड पानात एक वाक्य असायला हवं होतं, ते नव्हतं, आणि त्यापायी माझ्या चार संध्याकाळी गेल्या. परीक्षा होऊन गेली तरी तो राग काही गेलेला नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

एफवायबीएस्सी, संगणकशास्त्र. प्रोग्रॅम सी भाषेतला आणि साधाच: दोन आकडे आणि मधे चिन्ह कमांड-लाइनवरून घ्यायचं, उत्तर छापायचं. आर्गसी (एकूण किती आर्ग्युमेंट्स आली तो आकडा) ४ नसेल तर ‘वापर: कॅल्क आकडा चिन्ह आकडा’ असं छापून बाहेर पडायचं. ४ अशासाठी की शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव येतं. मग एटीओआय (अक्षरांचा आकडा करून देणारं फंक्शन) लावून आकडे करून घ्यायचे आणि चिन्हावर स्विच, म्हणजे प्रत्येक चिन्हासाठी वेगळी केस. कॉलेजच्या लॅबमध्ये डॉसबॉक्सवर (जुनं डॉस चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी हा जुना कंपायलर होता. रन मेनूतून आर्ग्युमेंट्सची चौकट उघडली, ५ * ३ लिहिलं, १५ आले. जर्नलवर सही मिळाली.

घरच्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्स आहे. तिथे जीसीसी या कंपायलरनं तोच प्रोग्रॅम कंपाइल केला. ५ + ३ दिलं, ८. वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर. ५ * ३ दिलं की मात्र ‘वापर: कॅल्क आकडा चिन्ह आकडा’. मी आकडा, चिन्ह, आकडाच तर देत होते!

पहिली संध्याकाळ स्विचमधली गुणाकाराची केस पुन्हापुन्हा वाचण्यात गेली. दुसऱ्या दिवशी आर्गसीची तपासणीच काढून टाकली, तर ‘चिन्ह ओळखता आलं नाही’ असं यायला लागलं. तिसऱ्या दिवशी तर डोकंच फिरलं. एक नवा रिकामा फोल्डर केला आणि तिथे उभं राहून, जुन्या फोल्डरचा पूर्ण पत्ता देऊन तोच प्रोग्रॅम चालवला. उत्तर १५! परत जुन्या फोल्डरमध्ये आले की पुन्हा तीच रड. कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं, “लॅबमध्ये चालतंय ना? मग झालं.” मला नव्हतं झालं. माझा प्रोग्रॅम माझ्या घरी का चालत नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

चौथ्या संध्याकाळी मामेबहिणीला फोन लावला. ती पुण्यात सर्व्हर सांभाळते. मी सगळं सांगायला लागले तर तिनं मधेच थांबवलं. “अगं, तू काय टाइप केलंस ते नको सांगूस. प्रोग्रॅमच्या हातात काय पडलं, ते छाप आधी.” मेन फंक्शनच्या पहिल्याच ओळीला फॉर लूप घातला आणि आर्गव्ही, म्हणजे आलेल्या आर्ग्युमेंट्सची यादी, शून्यापासून छापली:

० ./कॅल्क
१ ५
२ ए.आउट
३ कॅल्क
४ कॅल्क.सी
५ फी-पावती.पीडीएफ
६ जर्नल.डॉक
७ स्वॅप.सी
८ ३

माझी फीची पावती! गुणाकाराच्या प्रोग्रॅममध्ये!

“ताई, हे काय आहे?”

“शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुझ्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम. तू एंटर दाबलंस की ओळ आधी शेल वाचतं, मग तुझा प्रोग्रॅम. सुटा तारा, म्हणजे *, दिसला की शेल त्याच्या जागी त्या फोल्डरमधल्या फायलींची नावं भरतं. तुझ्या प्रोग्रॅमनं तो तारा पाहिलेलाच नाही.”

सगळी कोडी एकदम सुटली. सहा फायली होत्या, म्हणून आर्गसी ९. रिकाम्या फोल्डरमध्ये भरायला नावंच नाहीत, तेव्हा बॅश (उबुंटूचं शेल) तारा जसाच्या तसा पुढे पाठवतं, म्हणून १५. डॉसचं शेल हा उद्योग करतच नाही, म्हणून लॅबमध्ये कुणालाच कधी हे दिसलं नाही.

उपाय सोपा: तारा अवतरणचिन्हांत द्यायचा, नाहीतर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ. शेल ती चिन्हं काढून घेतं आणि आतला तारा तेवढा पुढे देतं. पण माझी ती संध्याकाळ इथेही संपली नाही. नीट आठवावं म्हणून मी ती ओळ वर्डच्या फायलीत लिहून ठेवली होती, तिथूनच टर्मिनलमध्ये चिकटवली. आर्गसी ४ आला, आणि पुन्हा ‘चिन्ह ओळखता आलं नाही’. एसटीआरलेननं चिन्हाची लांबी मोजली तर ७. वर्डनं सरळ अवतरणं वळणदार करून टाकली होती. शेलला ती अवतरणं वाटतच नाहीत. एकेक चिन्ह तीन बाइटचं, दोन्हीकडची मिळून सहा, आणि मधला तारा एक. हातानं सरळ अवतरणं टाइप केली आणि १५ आले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आईला उठवून दाखवलं.

चिन्ह तपासताना आर्गव्ही[२] ची “+” शी == लावून तुलना करू नका. त्यात दोन पत्त्यांची तुलना होते, अक्षरांची नाही. एसटीआरसीएमपी (अक्षरांची तुलना करणारं फंक्शन) वापरा किंवा पहिलं अक्षर तेवढं बघा. एटीओआयवरही फार विसंबू नका. ‘पाच’ असा शब्द दिला तरी ते मुकाट्यानं ० देतं, आणि तो ० भाजक असला तर ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणून प्रोग्रॅम मरतो, साधे पूर्णांक असले तरी. त्याऐवजी एसटीआरटीओएल हे फंक्शन घेतलंत तर आकडा कुठवर वाचता आला ते कळतं.

हे वर यायला हवं होतं: आर्गसीची तपासणी आर्गव्हीला हात लावायच्या आधी. काहीच दिलं नसेल तर आर्गव्ही[१] मध्ये नल (कुठेच न नेणारा पत्ता) असतो, तो एटीओआयला दिला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच मरतो.

आणि प्रोग्रॅमचं नाव ‘टेस्ट’ ठेवू नका. नुसतं टेस्ट टाइप केलं की शेल स्वतःचीच त्या नावाची कमांड चालवतं, पडद्यावर काहीच येत नाही, आणि आपण आपल्या प्रिंटएफमध्ये चूक शोधत बसतो. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ दिली की आपला प्रोग्रॅम चालतो.