बेघर माजी सैनिकाचं ओळखपत्र: फी माफ आहे, पण सुरुवात कुठून करायची?

कॅलिफोर्नियात बेघर माणसाला राज्याचं ओळखपत्र फुकट मिळतं. कायदा 2014 साली झाला, आणि डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स आणि ओळखपत्रं देणाऱ्या राज्याच्या वाहन खात्यात, ही माफी 1 जानेवारी 2016 पासून लागू आहे. माजी सैनिक त्यात आलेच. तरी शेल्टरमध्ये मदतीला जाणाऱ्या मंडळींचं काम बरेचदा इथेच अडतं, कारण ती सैन्यातल्या कागदांपासून सुरुवात करतात. डीडी-214, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, हाती आल्याशिवाय डीएमव्हीत जायचंच नाही असं धरून बसतात आणि त्यात आठवडे जातात. ही माफी माणूस बेघर आहे म्हणून मिळते, तो सैन्यात होता म्हणून नाही. त्यामुळे तिच्यासाठी डीडी-214 लागतच नाही.

सगळ्यात आधी वय विचारा. 62 किंवा त्याहून जास्त वय असेल तर कॅलिफोर्नियात ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र तसंही फुकट आहे, बेघर असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. व्हिएतनाम युद्धात लढलेले सगळेच आता या वयाच्या पुढे गेलेत. एवढा एक प्रश्न विचारला तर एक फॉर्म आणि एक सही वाचते.

वय कमी असेल तर डीएल 937 हा फॉर्म लागतो. अर्जदार बेघर आहे असं त्यात दुसऱ्या कोणीतरी लिहून द्यायचं असतं: बेघरांसाठी काम करणारी संस्था, वकील, पोलीस अधिकारी वगैरे. अर्जदाराची स्वतःची सही पुरत नाही. फॉर्मवरचं नाव जन्माच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. माणूस आयुष्यभर ‘बिल’ म्हणून वावरतो आणि दाखल्यावर ‘विल्यम’ असतं. संस्थेनं सवयीनं ‘बिल’ लिहिलं की खिडकीवरून परत पाठवतात, आणि सहीसाठी पुन्हा त्याच माणसाला गाठावं लागतं.

खरी डोकेदुखी जन्माच्या दाखल्याची. जन्म कॅलिफोर्नियातला असेल तर जुलै 2015 पासून बेघर व्यक्तीला तोही विनाशुल्क मिळतो. त्यासाठी बेघर असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र आहे, डीएल 937 तिथे चालत नाही. जन्म दुसऱ्या राज्यातला असेल तर नियम आणि फी त्या राज्याची. ओळखपत्रासाठी दाखला हवा आणि दाखल्यासाठी ओळखपत्र, असा फेरा इथेच सुरू होतो. म्हणून इतर काही मागवण्याआधी जन्मराज्याच्या नोंदणी कार्यालयाला पत्र टाका. सोशल सिक्युरिटी कार्डाची, म्हणजे केंद्र सरकारच्या ओळख क्रमांकाच्या कार्डाची, दुसरी प्रत फुकट मिळते, आणि लायसन्स किंवा पासपोर्ट नसेल तर आरोग्य विम्याच्या कार्डासारखा पुरावाही सोशल सिक्युरिटीचं कार्यालय पाहतं.

राहण्याच्या पुराव्यासाठी शेल्टरचं किंवा सेवाभावी संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र चालतं. अमुक व्यक्ती कॅलिफोर्नियात राहते, एवढं त्यात स्पष्ट हवं.

टपालाचा पत्ता मात्र फार विचार करून द्या. कार्ड खिडकीवर हातात मिळत नाही, ते टपालानं येतं, आणि पत्ता बदलला तर टपाल खातं ते पुढे पाठवत नाही. तीस दिवसांच्या मुदतीच्या शेल्टरचा पत्ता दिला आणि माणूस दरम्यान तिथून हलला, तर कार्ड परत जातं. जनरल डिलिव्हरीला, म्हणजे पोस्टातच ठेवून तिथून उचलायच्या सोयीनं मागवावं, तर तिथे उचलतानाच ओळखपत्र मागतात! एखादी कायमची संस्था किंवा ओळखीचं चर्च, जिथे पत्र जपून ठेवतील, तोच पत्ता द्यावा.

आता लायसन्स. वरची माफी ओळखपत्रापुरती आहे, लायसन्सची फी भरावी लागते. राज्य बदललं की हेही बदलतं. टेक्ससमध्ये लायसन्सची फी माफ होते ती सेवेमुळे किमान 60 टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला, तिथे निकष बेघरपणाचा नाही. कॅलिफोर्नियात एकाच माणसाकडे लायसन्स आणि ओळखपत्र दोन्ही असू शकतात, त्यातलं रिअल आयडी, म्हणजे केंद्र सरकारच्या निकषांचं कार्ड, मात्र एकच. म्हणून लायसन्सचा गुंता सुटायची वाट न पाहता ओळखपत्र आधी काढून घ्यावं.

तो गुंता बहुधा जुन्या चलनांचा असतो. दंड भरला नाही एवढ्यावरून लायसन्स निलंबित करणं कॅलिफोर्नियानं 2017 मध्ये थांबवलं, तरी प्रलंबित खटले उरतातच. त्यासाठी बेघरांचं न्यायालय आहे. सॅन दिएगोत 1988 साली माजी सैनिकांसाठी पहिला ‘स्टँड डाऊन’ मेळावा भरला आणि पुढच्याच वर्षी त्या मेळाव्यातून हे न्यायालय उभं राहिलं. किरकोळ गुन्ह्यांत दंडाऐवजी माणसानं व्यसनमुक्ती, समुपदेशन किंवा प्रशिक्षणात केलेली मेहनत तिथे जमेस धरतात. ही कल्पना आम्हाला फी माफीपेक्षाही मोलाची वाटते.

डीडी-214 चा अर्ज या सगळ्यासोबत चालू ठेवा, कारण घर आणि उपचारांसाठी तो उपयोगी पडतो. सेंट लुईसच्या नोंदणी केंद्राकडे एसएफ-180 फॉर्म भरून पाठवायचा, पैसे पडत नाहीत. प्रत मागताना सेवामुक्तीचा प्रकार दाखवणारीच मागा, तो वगळलेली प्रत बहुतेक ठिकाणी चालत नाही. 1960 पूर्वी लष्करातून सुटलेल्यांच्या बहुतेक नोंदी 1973 च्या आगीत जळाल्या, त्यांच्यासाठी नोंद नव्यानं जुळवण्याचा एनए 13055 हा वेगळा फॉर्म आहे. कार्डावर ‘व्हेटरन’ छापून हवं असेल तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) माजी सैनिक कार्यालयातून व्हीएसडी-001 हा सेवेची खात्री देणारा फॉर्म आणावा लागतो. जवळचं कार्यालय सापडत नसेल तर बेघर माजी सैनिकांसाठीची व्हीएची, म्हणजे केंद्राच्या माजी सैनिक खात्याची मदतवाहिनी, 877-424-3838, दिवसरात्र चालू असते.