सांता जुलियाची प्रतिकृती : सोलारिओचा टप्पा

उत्तर इटलीतील ब्रेशा शहराच्या सांता जुलिया संग्रहालयाची छोटी प्रतिकृती मी बनवत असून तीत सध्या सांता मारिया इन सोलारिओ या बाराव्या शतकातील प्रार्थनागृहाचे काम चालू आहे. हे संग्रहालय मुळात एक मठ होते. पुढे लोंबार्डांचा (त्या काळी इटलीत राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांचा) राजा झालेला देसिदेरियो आणि त्याची पत्नी आन्सा यांनी इ. स. ७५३ मध्ये नन्ससाठी हा बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या नियमांनुसार चालणारा) मठ स्थापला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बंद पडून तेथे लष्करी बराकी आल्या, १८८२ मध्ये त्याच्या काही भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले आणि आज संपूर्ण परिसरच शहराचे संग्रहालय आहे. येथे वास्तू हाच मुख्य संग्रह आहे, असे माझे ठाम मत असल्यामुळे प्रतिकृतीचा प्रत्येक मजला वेगळा उचलता येईल, अशी रचना ठेवली आहे.

सोलारिओ बाहेरून चौकोनी असून त्यावर अष्टकोनी शिखर आहे. आत तळमजल्याच्या मधोमध सूर्याला वाहिलेली रोमन वेदी खांबासारखी उभी असून छताच्या मेहरपी तिच्यावर टेकल्या आहेत. ही वेदी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतली, कारण बाल्सा लाकडाच्या रेषा रंगाखालूनही उमटतात आणि दगडाचा भास मोडतो. मेहरपींसाठी थर्माकोलच्या साच्यावर टिश्यू पेपरचे थर पातळ केलेल्या फेविकॉलने चढवले. प्रत्येक थर पूर्ण वाळू दिल्यास कडा वाकत नाहीत. भिंतीच्या जाडीतून वर जाणारा अरुंद जिना दाखवण्यासाठी एक भिंत दुपदरी केली आहे.

वरच्या दालनातील भित्तिचित्रे प्रामुख्याने चित्रकार फ्लोरियानो फेर्रामोला याची आहेत. या आकारात त्यांतील मानवाकृतींना न्याय देता येणार नाही, म्हणून केवळ घुमटाचे निळे आकाश रंगवून सुईच्या टोकाने सोनेरी चांदण्या टिपल्या. त्याखालील, रत्ने व कोरीव खडे जडवलेला देसिदेरियोचा क्रूस पितळी तारेने सूचित केला आहे.

यापुढे मठाच्या भाजीमळ्याखाली सापडलेली आणि २००३ पासून संग्रहालयात सामावलेली रोमन घरे घेणार आहे. मळ्याचा थर झाकणासारखा उचलता यावा, म्हणून त्याला माउंटबोर्डऐवजी हलका फोमबोर्ड वापरेन. जमिनीवरील मोझेइकसाठी (रंगीत तुकड्यांच्या नक्षीसाठी) मात्र इतके बारीक तुकडे कापण्याची पद्धत अजून ठरायची आहे. कोणी अंड्याचे कवच वापरून पाहिले असल्यास त्यावर रंग कसा धरतो, हे अवश्य कळवावे.