मराठी पीडीएफ सहा इंची ई-रीडरवर: आधी फाइल ओळखा

मराठी पुस्तकाची पीडीएफ ई-रीडरवर टाकली, अक्षरं मुंगीएवढी दिसली, मोठी करायला गेलं तर पान इकडेतिकडे सरकवत बसावं लागलं, की निकाल लगेच लागतो: हे यंत्र मराठीसाठी नाहीच. खरं तर किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून रीतसर मिळतात आणि ती चांगली दिसतात. दहातल्या नऊ वेळा घोळ फाइलमध्ये असतो. फाइल कोणत्या जातीची आहे ते कळलं की पुढचं काम ठरतं, आणि ते कळायला एक मिनिट पुरतं.

आधी थोडं गणित. सहा इंची पडदा म्हणजे साधारण ९.१ बाय १२.२ सेंटिमीटर. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. ए४ पान त्या पडद्याच्या रुंदीला बसवलं की सगळं ४३ टक्क्यांवर येतं, म्हणजे १४ पॉइंटचा टाइप ६ पॉइंटचा होतो. तो कोणालाच वाचता येणार नाही. छापील डेमी आकाराचं पुस्तक, साडेपाच बाय साडेआठ इंच, बरंच सुसह्य असतं. दोन्ही बाजूंचे समास कापले की मजकुराची रुंदी दहा-साडेदहा सेंटिमीटर उरते, ती रुंदीला बसवली तर १२ पॉइंटचं अक्षर साडेदहाच्या आसपास येतं. पडदा आडवा केला तर छापील पुस्तकापेक्षाही मोठं दिसतं, फक्त एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं. म्हणून डेमी पुस्तकाचा स्वच्छ स्कॅन असेल तर काहीही रूपांतर न करता समास कापून आडवं वाचणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग. कोरीडर नावाचं मोफत सॉफ्टवेअर कोबो या कंपनीच्या ई-रीडरवर सहज बसतं आणि समास आपोआप कापतं. ए४ पीडीएफला मात्र ही मलमपट्टी पुरत नाही.

आता चाचणी. संगणकावर पीडीएफ उघडा, मधल्या एखाद्या पानावरचा परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मुखपृष्ठावर किंवा श्रेयनामावलीवर चाचणी घेऊ नका, तिथला फाँट बऱ्याचदा वेगळा असतो.

काहीच निवडता आलं नाही तर पानं म्हणजे नुसते फोटो आहेत. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेलं आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). देवनागरी आली पण मोडकी आली, तर मूळ मजकूर युनिकोडमध्ये होता, पीडीएफ करताना त्याची वाट लागली. आणि देवनागरी जशीच्या तशी आली तर नशीब थोर, सरळ ईपब करायला घ्या, म्हणजे ज्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं अशी ई-पुस्तकाची फाइल.

जुन्या फाँटची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण मराठी प्रकाशनव्यवसायाची दोन दशकं त्यात अडकली आहेत. या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच असतो. फाँट फक्त त्या रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा एखादा आकार दाखवतो: कुठे अर्धा 'स', कुठे नुसता काना, कुठे रफार. कोणत्या जागेवर कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. त्यामुळे श्रीलिपीचा मजकूर शिवाजी फाँटच्या कन्व्हर्टरमध्ये टाकला तर कचरा बाहेर येतो. पीडीएफच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फाँटची यादी असते, तिथे नाव बघा: श्री-देव आणि पुढे आकडा, डीव्हीबी-टीटी सुरेख, शिवाजी०१ असं काहीतरी दिसेल. त्याच कुळाचा कन्व्हर्टर वापरायचा. एकाच पुस्तकात मजकुराला एक आणि शीर्षकांना दुसरा फाँट असेल तर ते दोन भाग वेगवेगळे काढून रूपांतरित करावे लागतात.

कन्व्हर्टर कितीही चांगला असो, दोन ठिकाणी हटकून पडतो. पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून आधी टंकलेली. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यायला हवी. कन्व्हर्टर तिला एकच अक्षर ओलांडून ठेवतो आणि जोडाक्षर आलं की 'स्थिती'चं 'स्िथती' होतं. रफाराचं उलटं: तो दिसतो शेवटी, पण साठवायचा असतो आधी. मग 'धर्म'चं 'धमर्', 'मूर्ती'चं 'मूतीर्', 'मार्गाने'चं 'मागार्ने', 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम'.

दुरुस्ती कॅलिबरच्या संपादकात करावी. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर ई-पुस्तकांचा खरा कारखाना आहे. त्यात 'शोधा आणि बदला'ला रेगेक्सची, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याची, सोय आहे. हलन्तानंतर लगेच वेलांटी, हा क्रम मराठीत कधीच बरोबर नसतो, म्हणून तो बिनधास्त सगळीकडे एकदम बदलता येतो: वेलांटी पुढच्या व्यंजनापलीकडे न्यायची. शब्दाच्या शेवटचा 'र्'ही असाच बदलता येतो, कारण एखादं सुटं 'पुनर्' सोडलं तर मराठी शब्द पायमोडक्या 'र'ने संपत नाही. 'कायर्क्रम'सारख्या, शब्दाच्या मधल्या रफाराला मात्र असा सरसकट हात लावू नका. तिथे 'र्क्र' हा क्रम स्वतःत वैध आहे. यंत्राला चूक दिसतच नाही, आणि सगळीकडे बदल केला तर चांगले 'तर्क' आणि 'संपर्क' बिघडतील. अशांसाठी संपादकातली शुद्धलेखन-तपासणी उघडा. ती पुस्तकातले सगळे शब्द किती वेळा आले त्यासह यादीत दाखवते. लिबरऑफिसचा मराठी शब्दकोश तिथे जोडता येतो. जास्त वेळा आलेले चुकीचे शब्द वरून खाली एकेक बदलत गेलं की बरंचसं पुस्तक साफ होतं.

मोडक्या युनिकोड पीडीएफसाठी एवढा जीव काढू नये. तिथे 'किती'चं 'िकती' होतंच, शिवाय जोडाक्षरं चक्क गायब होतात, कारण पीडीएफमध्ये आकार साठवलेला असतो आणि तो कोणत्या अक्षरांपासून झाला याची नोंद अर्धवट असते. गेलेलं अक्षर कोणतं हे कोणताही नियम सांगू शकत नाही. लेखक किंवा प्रकाशक ओळखीचा असेल तर मूळ वर्ड फाइल मागावी. नसेल तर त्या पीडीएफची चित्रं करून ओसीआर करावं, म्हणजे संगणकाकडून चित्रातली अक्षरं ओळखून घ्यावीत. मजकूर समोर असताना ओसीआर करणं वेडेपणाचं वाटतं, पण संगणकावरूनच निघालेलं पान इतकं स्वच्छ असतं की निकाल दुरुस्तीपेक्षा चांगला लागतो.

पानं नुसते फोटो असतील तरी मार्ग हाच. ओसीआरसाठी टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये मराठीचं वेगळं मॉडेल आहे. हिंदीचं वापरू नका, 'ळ' आणि 'ऱ्य' तिथे मार खातात. गुगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर मिळतो, फक्त मोठ्या पुस्तकाचे थोड्या थोड्या पानांचे तुकडे करून द्यावे. स्कॅन ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या आणि उडालेले अनुस्वार हाताने बघावेच लागतात. पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळचा पृष्ठक्रमांक ओसीआरच्या आधीच कापून टाका, नाहीतर दर पानाला वाक्याच्या मधोमध ते येऊन बसतात.

ओसीआर करायचं नसेल आणि स्कॅनच वाचायचा असेल, तर पिवळा पडलेला कागद ही मुख्य अडचण. ई-रीडरचा ई-इंक पडदा राखाडीच्या १६ छटा दाखवतो. पिवळा कागद त्यात मधली राखाडी होतो आणि काळं अक्षर त्यात बुडतं. स्कॅन टेलर या सॉफ्टवेअरमध्ये पानं सरळ करून शुद्ध काळी-पांढरी केली की अक्षर उठून दिसतं, आणि फाइल इतकी लहान होते की पान उलटायला ई-रीडर धापा टाकत नाही.

या भानगडीत पडण्याआधी ते पुस्तक मराठी विकिस्रोत या मोफत ग्रंथांच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहून घ्या. प्रताधिकार संपलेली बरीच पुस्तकं तिथे युनिकोडमध्ये टंकून ठेवलेली आहेत आणि थेट ईपब उतरवता येतं.

ईपब म्हणजे एक झिप फाइल, तिच्या पोटात वेबपानं. मराठीसाठी त्यात चार गोष्टी बघायच्या. भाषा 'मराठी' नोंदवा. रिकामी किंवा 'हिंदी' असेल तर चांगला फाँट असूनही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसू शकतात, कारण मराठी वळण फाँटमध्ये भाषेच्या खुणेवर अवलंबून असतं. दुसरं, स्टाइलमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ते काढा, त्याने शिरोरेषा तुटते. तिसरं, वर्डमधून आलेली ठाम ओळ-उंची काढा. देवनागरीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते, दीडपट अंतर योग्य. चौथं, कॅलिबर प्रकरणं ओळखण्यासाठी इंग्रजी शब्द शोधतं. 'प्रकरण' त्याला कळत नाही, मग अनुक्रमणिका रिकामी येते. वर्डमध्येच प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग १' द्या, प्रश्न मिटतो. कॅलिबरमध्ये पीडीएफमधून थेट रूपांतर करताना ओळी जोडण्याचा घटक (किती लांबीपासून ओळ पुढच्या ओळीला जोडायची ते प्रमाण) मुळात ०.४५ असतो. गद्याला तो ठीक, पण कवितेच्या ओळी तो एकमेकींना चिकटवून टाकू शकतो.

'ॲ'चीही एक बारीक खोच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या सवयीने अनेक जण 'अ' टंकून त्यावर चंद्र देतात. काही वाचकयंत्रं मध्ये तुटक वर्तुळ दाखवतात. सगळीकडे एकसंध 'ॲ' करून घ्या.

पाठवताना किंडलला ईपब ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सोयीने द्या, मेलने ५० एमबीपर्यंत, वेबपानावरून २०० एमबीपर्यंत. २०२२ पासून तिथे ईपब चालतं आणि मोबी हा किंडलचा जुना फाइलप्रकार नंतर बंद झाला. मोबीचं दुःख करू नये, त्यात फाँट बसवताच येत नव्हता. पुस्तक उघडल्यावर देवनागरीऐवजी परकी रोमन चिन्हं दिसली आणि दर तिसरं चिन्ह डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' (à) असेल, तर आतल्या पानांवर यूटीएफ-८ची, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीची, घोषणा नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, ते तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचलं गेलं. कॅलिबरमध्ये ईपबचं पुन्हा ईपबच करा, घोषणा आपोआप बसते. फाइल नाकारली गेली तरी हाच उपाय आधी करून बघावा.

फाँट आपला टाकायचा तर किंडल आणि कोबो दोन्हींवर 'फाँट्स' नावाचा फोल्डर असतो किंवा करता येतो, त्यात फाँटची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल टाका. नोटो सेरिफ देवनागरी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका, दोन्ही मोफत. कोबोवर साधं ईपब आणि केपब (कोबोचं स्वतःचं ईपब) वेगवेगळ्या इंजिनांतून दिसतात. एकात जोडाक्षरं फुटली तर दुसरं वापरून बघा. कॅलिबरच्या आठव्या आवृत्तीपासून केपब थेट करता येतं. 'दुसऱ्या', 'उद्ध्वस्त', 'कृपया', 'स्थिती', 'ॲप' एवढे शब्द असलेलं एक पान तपासणीसाठी पुरतं.

यंत्र घ्यायचंच असेल तर पडद्याची घनता बघा. १० पॉइंटच्या अक्षराला ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे ४२ पिक्सेल मिळतात, जुन्या १६७ पीपीआयच्या पडद्यावर २३. रोमनला २३ पुरतात. देवनागरीत तेवढ्यातच रफार, शिरोरेषा, अक्षर आणि खालचा उकार कोंबायचा, त्यात 'द्ध' आणि 'ट्ठ' नुसते काळे ठिपके होतात. रंगीत पडद्याचा मोह नुसत्या मजकुरासाठी करू नका. कॅलिडो ३ हा रंगीत ई-इंक पडदा काळंपांढरं ३०० पीपीआयनेच दाखवतो, रंग १५०ने, पण रंगाची जाळी वर असल्यामुळे पांढरा कागद करडा पडतो आणि दिवसाही दिवा लावून वाचावं लागतं. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांना तो ठीक.

मागच्या पानाची पुसट छाया राहते ती ई-इंकच्या कामाच्या पद्धतीमुळे. पडद्यातल्या सूक्ष्म कुप्यांत पांढरे आणि काळे कण विद्युतभाराने वरखाली होतात. वेग यावा म्हणून यंत्र प्रत्येक पानाला सगळे कण पूर्ण हलवत नाही. मजकुराला पाच-सहा पानांनी एकदा पूर्ण ताजं करणं पुरतं, स्कॅनच्या पीडीएफला दर पानाला करा. तेवढ्याने बॅटरी थोडी जास्त जाते, तिची चिंता नको. चिंता काचेची करावी: बहुतेक ई-इंक पडद्यांचा पाया पातळ काच असते, आणि लोकलच्या गर्दीत पिशवीतला डबा तिच्यावर दाबला गेला की वरून ओरखडाही न दिसता आतून पडदा जातो. मागे-पुढे कडक झाकण असलेलं कव्हर घ्यावं.