टेनिस बॉलचा शनिवार: बर्लिनमध्ये युनियनची मॅच

10 फेब्रुवारी 2024. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीच्या वरच्या फुटबॉल लीगमधली मॅच: युनियन बर्लिन विरुद्ध वोल्फ्सबुर्ग, दुपारी साडेतीन. तिकीट खिशात होतं, पण चाहत्यांचा निषेध चालू होता आणि मॅच पूर्ण होईल याची खात्री कोणालाच नव्हती.

ओस्टक्रॉइत्स स्टेशनहून एस3 ही लोकल पकडली. लाल-पांढऱ्या स्कार्फांनी डबा खचाखच भरलेला, आणि दाराशी साठीचे एक गृहस्थ आणि कॉलेजच्या वयाची एक मुलगी तावातावानं भांडत होती. विषय आफ्रिका कपचा, म्हणजे आफ्रिकी देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा. दुसऱ्या दिवशी फायनल होती, आणि डॉर्टमुंडचा हालेर, लेव्हरकुसेनचा कोसुनू असे खेळाडू आयव्हरी कोस्टकडून तिकडे होते. पगार क्लबनं द्यायचा आणि ऐन हंगामात महिनाभर माणूस गायब, असं गृहस्थांचं म्हणणं. मुलीचं उत्तर मला पटलं: देशानं बोलावल्यावर खेळाडू जाणारच, जाब विचारायचा तर तारखा ठरवणाऱ्यांना विचारा. खंडाच्या स्पर्धेसाठी खेळाडू सोडणं क्लबला बंधनकारकच असतं आणि करार करताना क्लबला ते ठाऊक असतं. मग खेळाडूवर राग कशाला?

क्योपेनिकला उतरून गर्दीच्या मागे चालत राहा, रस्ता विचारावा लागत नाही. झाडीतून वाट जाते आणि स्टेडियम एकदम समोर येतं. 22,012 माणसं मावतात, त्यातली 18,395 उभी. 2008 मध्ये क्लबकडे पैसे नव्हते, तेव्हा दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी स्वतः राबून हे स्टँड नव्यानं उभे केले. त्या पायऱ्यांवर उभं राहिलं की इथल्या लोकांना निर्णयात वाटा का हवा असतो, हे वेगळं समजवावं लागत नाही.

खेळ चालू असताना स्टँडमधून पहिला पिवळा टेनिस बॉल मैदानात पडला, मग दहा, मग मोजदाद संपली. गोळा करून होतात न होतात तोच पुढची सर. मॅच अर्ध्या तासाहून जास्त खोळंबली. माझ्या शेजारचा माणूस फेकत नव्हता, पण एकदाही ‘पुरे’ म्हणाला नाही.

या निषेधाचं कारण डिसेंबर 2023 मधलं. लीगच्या वरच्या दोन विभागांतल्या 36 क्लबांपैकी 24 क्लबांनी गुप्त मतदानात बाहेरच्या गुंतवणूकदाराला टीव्हीच्या उत्पन्नात वाटा द्यायला होकार दिला. दोन तृतीयांश लागतात, तेवढीच मतं पडली. चाहत्यांना भीती होती की पैसा त्याचा, तर सामन्यांच्या वेळाही उद्या तोच ठरवेल. ही भीती हवेतली नव्हती. सोमवार रात्रीचे सामने त्यांनी सोसले होते. मंगळवारी सकाळी कामावर जाणाऱ्यानं रात्री पाचशे किलोमीटरवरून परत यायचं कसं? 2018 मध्येही टेनिस बॉल पडले होते आणि 2021 च्या हंगामापासून बुंडेसलिगाचे सोमवार बंद झाले. मला ही पद्धत रास्त वाटते. कोणाला इजा नाही, आणि दुर्लक्ष करणं अशक्य.

जाणार असाल तर सामन्याची फेरी कोणत्या वीकेंडला आहे एवढंच आधी कळतं. शुक्रवार, शनिवार की रविवार, हे काही आठवडे आधी जाहीर होतं. तिन्ही दिवस मोकळे ठेवा, रद्द करता येईल अशीच खोली घ्या. हंगामाच्या शेवटच्या फेरीत मात्र सगळे सामने शनिवारी साडेतीनलाच होतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या खिडकीत, म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमधल्या ठरावीक दिवसांत, लीग बंद असते. 2026 पासून सप्टेंबर-ऑक्टोबरची मिळून एकच लांब खिडकी आहे. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी हे तपासाच. युनियनची तिकिटं आधी सभासदांना मिळतात, त्यामुळे तयारी लवकर सुरू करा. मोठी बॅग नेऊ नका. उभ्याच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचा रंग अंगावर नको. परतीची गाडी मॅच संपल्यावर किमान तीन तासांनी ठेवा. माझी त्या दिवशी चुकली.

आणि निषेध सुरू झाला तर शिट्ट्या मारून विरोध करू नका. आपण एका दिवसाचे पाहुणे, ते दर आठवड्याला येतात.

मॅच युनियननं जिंकली, त्यांच्या डूखीच्या गोलवर. कोपऱ्यातल्या जुन्या धावफलकावर अजून हातानं आकडे लावतात. तिथला 0 बदलून 1 लागेपर्यंत मी डोळे हलवले नाहीत. 21 फेब्रुवारीला लीगनं गुंतवणूकदाराची योजना मागे घेतली.