वटवाघळं साडेतीन

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कडेला लाल कापडाची पट्टी असलेली, वाणी उधारी लिहायला ठेवतो तसली. पुढून उघडली तर भुताच्या सिनेमांची परीक्षणं आणि मागून उघडली तर कविता. दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकत सरकत आता मधल्या पिनांपाशी येऊन ठेपल्यात. दोघी भेटल्या की काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

परीक्षणाला तारे देणं मला कधी पटलं नाही. भुताच्या सिनेमात आकाश बहुधा ढगाळच असतं. म्हणून मी वटवाघळं देतो. अर्धं द्यायचं असेल तर एकाच पंखाचं, उलटं टांगलेलं. पाच वटवाघळं आजवर कुणालाच दिलेली नाहीत. जुन्या मास्तरांकडून मराठीच्या पेपरात पैकीच्या पैकी कधी मिळायचे का, तसंच आहे ते.

या छंदाचं खापर आजीच्या डोक्यावर. चिपळूणला आमच्या आळीत कोजागरीला व्हीसीआर भाड्याने यायचा. रंगीत टीव्ही आणि चार कॅसेटी, सगळं मिळून एका रात्रीचं भाडं. घरटी वर्गणी निघायची. आधी एक पौराणिक, मग एक मारामारीचा, मग कुणाला तरी हवा असलेला कौटुंबिक, आणि पोरं पेंगायला लागली की भुताचा. चित्रावर मुंग्या आल्या की एक काका खिशातून कोरी करकरीत नोट काढून हेड पुसायचे. पुसून झाल्यावर नोट आठवणीने खिशात जायची, वर्गणीत नव्हे.

अशाच एका कोजागरीला 'पुराना मंदिर' लागला. सिनेमा 1984 चा, आमच्याकडे पोचेपर्यंत दोनेक वर्षं जुना झालेला. त्यातल्या सामरी या सैतानाचं मुंडकं एका पेटीत बंद आणि धड दुसरीकडेच पुरलेलं. मुंडकं आणि धड एकत्र आलं की तो उठणार. आम्ही पोरं एकाच चादरीत सहाजण. आजी मात्र मागे खुर्चीत बसून मसाला दुधासाठी बदाम सोलत होती. सामरी पडद्यावर आला, चादर थरथरली, आणि मागून आवाज आला, "पाय सरळ आहेत मेल्याचे."

झालं. चादरीतून पहिलं डोकं बाहेर आलं ते माझं.

आजीच्या हिशेबात भूत म्हणजे काही ढोबळ वस्तू नव्हती. सोडमुंजीआधी गेलेला मुलगा तो मुंजा, तो पिंपळावर राहणार. बाळंतपणात गेलेली ती अलवंतीण. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. वाट चुकवून पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरवतो तो चकवा. प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाचं झाड, प्रत्येकाचा मान ठरलेला. त्यामुळे तिचा पहिला प्रश्न तक्रारीचा होता, "हा नक्की कोण? खवीस म्हणावा तर मुंडक्याला एवढा जीव का? समंध म्हणावा तर धनावर का बसत नाही?" मग मुंडक्याच्या पेटीवर त्रिशूळ आला तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या खटाटोपापेक्षा राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घातलं असतं तर दोनशे वर्षं सुखाने गेली असती." सदाशिव अमरापूरकर दिसले तेव्हा मात्र तिचा चेहरा उजळला. "हा आपला," ती म्हणाली, आणि तो पडद्यावर काय काळं करतोय याकडे तिने चक्क काणाडोळा केला.

त्यानंतर मी सिनेमाला भ्यालो असेन, पण पूर्वीसारखा नाही. आणि वहीत जे पहिलं वाक्य लिहिलं ते आजीचंच: पाय सरळ.

त्या सिनेमांवर माझं प्रेम जडलं ते त्यामागच्या घरगुती कारभारामुळे. 'पुराना मंदिर' केला तो रामसे मंडळींनी, हे सात भाऊ. कुणी दिग्दर्शन करतोय, कुणी कॅमेरा धरतोय, कुणी ध्वनी सांभाळतोय, कुणी पटकथा लिहितोय. म्हणजे आपल्याकडे लग्नघरात कसं, एका काकाकडे मांडव, एकाकडे आचारी, एकाकडे कोठीच्या किल्ल्या. 1972 च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी ही सगळी मंडळी महाबळेश्वरला जाऊन राहिली आणि तिथेच सिनेमा करून आली. आपण महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणि चणे आणतो, ते भूत घेऊन आले. आणि तो सामरी, अजय अग्रवाल, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. वाडे बांधायचं शिकलेल्या माणसाला पडद्यावर वाडे हादरवायचं काम मिळावं, याला काय म्हणावं!

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवायचे, तेव्हा पुढे जागा नसली की आम्ही पडद्याच्या मागे बसायचो. मागून सगळं उलटं. नावं उलटी, नायक डावखुरा, आणि भूत ज्या बाजूने येणार म्हणून पुढची मंडळी किंचाळायची त्याच्या बरोब्बर दुसऱ्या बाजूने ते आमच्याकडे यायचं. चांगलं परीक्षण असंच लिहावं असं मला अजून वाटतं. मागच्या अंगाने, मातीत बसून, आजूबाजूला डास.

पण लिहायला बसलो की हात वेगळाच चालायचा. पहिल्या पंचवीसेक पानांवर मी वर्तमानपत्री भाषा वापरली आहे. 'छायाचित्रण नेत्रसुखद.' 'उत्तरार्धात पकड सैल होते.' रबरी मुखवटा मानेपाशी सुटलाय आणि मी लिहितोय 'रंगभूषा परिणामकारक'. वाचताना आता स्वतःचीच लाज वाटते. ज्या सिनेमात धुराचं यंत्र बिघडून नायिकेला खोकला येतो त्याला या भाषेत तोलणं म्हणजे भेळेच्या कागदावर सही-शिक्का मारून आणण्यातला प्रकार.

सुटका केली अनंत फंदींनी. संगमनेरचे शाहीर, पेशवाईतले. 'बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडू नको' हा त्यांचा फटका शाळेत पाठ केला होता, तो एकदा रात्री सिनेमा बघताना अचानक डोक्यात वाजायला लागला. कारण पडद्यावर नेमकं तेच चाललं होतं! हमरस्ता सरळ समोर आहे, आणि गाडी वळते ती जंगलातल्या कच्च्या रस्त्याला. जगातल्या यच्चयावत भुताच्या सिनेमांचं परीक्षण फंदींनी एका ओळीत आधीच करून ठेवलं होतं. मी फक्त चाल उचलली:

रात्र अमावस, वाडा पडका, एकटीच ती जाते का?
दिवा विजेचा असून हाती मेणबत्तीच घेते का?
दार वाजते, 'कोण?' विचारी, उत्तर नसता काढि कडी,
सोळा नोकर घरात होते, आज न दिसतो एक गडी!

याला अडीच वटवाघळं दिली. म्हणजे सिनेमाला. कवितेला मीच कसे गुण देणार?

फटक्याचा गुण असा की तो मुळात खडसावण्यासाठीच आहे. आठ-आठ मात्रांची तीन पावलं आणि शेवटचं सहाचं, तिथे टाळी. खडसावताना ताल सुटला तर ते भांडण होतं, तालात राहिलं तर करमणूक. केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, विडंबनांची 'झेंडूची फुले' फुलवली ती 1925 साली, तेव्हापासून आपल्याकडे थट्टेलाही वृत्त लागतं. थट्टा करायची तर मात्रा मोजून. मी बोटांच्या पेरांवर मोजतो. लोकलमध्ये समोरच्याला वाटतं, जप चाललाय.

यमकाचं म्हणाल तर मराठीत भुताची सोय उत्तम आहे. सूत, दूत, पूत, ऊत. कवटीला शेवटी चालतं, आणि ती येतेही शेवटीच. हडळीला वळवळ, खळखळ, तळमळ अशी रांगच उभी. अडतं ते पिशाच्चापाशी. गच्च, टच्च, याच्या पलीकडे काही हाती लागत नाही. त्यामुळे माझ्या वहीत पिशाच्चाचे सिनेमे फार कमी आहेत. बघितले नाहीत असं नाही. यमक नाही म्हणून नोंद नाही.

अशी सवय लागली की मग घरही सुटत नाही. वहीची मागची बाजू तशी सुरू झाली. कारण नीट बघितलं तर घरात काय वेगळं घडतं? फ्रिज मध्यरात्री खाकरतो. बंद केलेला नळ आपला आपण थेंब सोडतो. वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही तरी गोट्या घरंगळतात. 'झपाटलेला' येऊन गेल्यावर, म्हणजे 1993 नंतर, आमच्या शेजारच्या घरातली बाहुली शोकेसमधून उचलून माळ्यावर ठेवली गेली होती. त्यातल्या तात्या विंचूने, रामदास पाध्यांच्या त्या झपाटलेल्या बाहुल्याने, कितीतरी बाहुल्यांना असा वनवास घडवला असेल. पण माळ्यावरून ती खाली बघते अशी तिथल्या पोरीची तक्रार सुरू झाली, आणि बाहुली पुन्हा शोकेसमध्ये आली, पाठमोरी.

मागच्या बाजूची त्यातल्या त्यात बरी कविता ही:

दारी येती चार पाहुणे, चहा ठेवतो ऐटीत,
गॅस म्हणाला, 'येतो आता', काडी उरली पेटीत!
'येतो, येतो,' म्हणत पाहुणे, 'चहा पुढीलच भेटीत!'
आले होते तेही गेले, आले उरले वाटीत.

शेवटची ओळ सुचली तेव्हा मी रात्री साडेबाराला बायकोला उठवून ऐकवली. तिने डोळे न उघडता विचारलं, "आपल्याकडे लायटर आहे. काडेपेटी देवघरात असते. शेगडीला काडी कुणी लावली?" मी म्हटलं, लायटरला यमक नाही. ती म्हणाली, "आणि चहा तू ठेवला होतास?" यावर मी गप्प राहिलो. सकाळी बघतो तर वहीत 'ठेवतो'वर काट मारून 'ठेवते' केलेलं. बोटांवर मोजून पाहिलं. मात्रा तेवढ्याच भरत होत्या, म्हणजे वाद घालायलाही जागा नव्हती. तशीच राहू दिली दुरुस्ती, फक्त इथे उतरवताना माझ्या सोयीचा पाठ घेतलाय.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. डोंबिवलीत आमच्या भागातली वीज गेली, आणि गेली ती चांगली दीड तास. बायको म्हणाली, मागच्या बाल्कनीत काहीतरी खुडबुडतंय. मीही ऐकलं. डबा सरकल्यासारखं, मग थांबून पुन्हा. मी उठलो. देवघरातून काडेपेटी घेतली, मेणबत्ती पेटवली, तळहात आडवा धरला आणि भिंतीला लागून चालू लागलो. स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबून विचारलंसुद्धा, "कोण आहे?" काही उत्तर आलं नाही. मी बाल्कनीची कडी काढली.

पत्र्याच्या डब्यामागे एक भिजलेलं कबुतर होतं. ते माझ्याकडे बघत राहिलं, मी त्याच्याकडे. मेणाचा एक थेंब अंगठ्यावर पडला आणि मी ओरडलो तेव्हा मागून लख्ख उजेड आला. बायको मोबाईलची बॅटरी लावून उभी होती. माझाही मोबाईल माझ्या शर्टाच्या खिशात होता, त्यात तशीच बॅटरी होती, चार्जिंगही भरपूर. ती काही बोलली नाही. फक्त ओट्यावर बोटं आपटत ठेका धरला, आठ, आठ, आठ, सहा.

वीज आल्यावर मी वही पुढून उघडली आणि त्या जुन्या अडीचला आणखी एक वटवाघूळ काढलं. दोन्ही पंखांचं.