घोड्याच्या पवित्र्यात गुडघा का दुखतो

शाओलिन कुंग-फू, म्हणजे चीनमधल्या शाओलिन मठाच्या नावाने ओळखली जाणारी युद्धकला, नुकतंच सुरू केलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: गुडघा. खापर फुटतं ते मा-बूवर, म्हणजे घोड्याच्या पवित्र्यावर. खरं तर हा पवित्रा खुब्यातून बसायचा असतो आणि नवखा माणूस तो गुडघ्यातून बसतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आधी अंतर. अंदाजाने पाय फाकू नका. आपल्याच पावलाची लांबी जमिनीवर तीनदा मोजून खडूने दोन खुणा करा आणि पावलांच्या आतल्या कडा त्यांवर ठेवा. अंतर कमी पडलं की गुडघे पुढे सरकतात, जास्त झालं की जांघ ताणली जाते आणि पाठ वाकते. आता मागे उंच स्टूल आहे असं समजून आधी नितंब किंचित मागे न्या, मग खाली या. खाली आल्यावर माकडहाड जमिनीकडे सोडा, म्हणजे कमरेचा खळगा कमी होतो. इथे पुष्कळ जण माकडहाड जोर लावून पुढे ढकलतात. तसं केलं की खुबे अडकतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

एक सोपी तपासणी: मान वाकवून खाली बघा. गुडघ्याच्या आतल्या बाजूने पायाचा अंगठा दिसला पाहिजे. तो झाकला गेला असेल तर गुडघा आत कलला आहे. गुडघ्याची दिशा दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी. पावलं अगदी समांतर ठेवावीत असं शिकवतात, पण कुणाच्या खुब्याचा सांधा असा असतो की समांतर पावलांवर गुडघ्याला पीळ पडतो. अशा माणसाने चवडे थोडे बाहेर वळवले तर काही बिघडत नाही. (सांध्याची ठेवण नियमावली वाचून बनलेली नसते.) टाच उचलली जात असेल तर बहुतेक वेळा पोटरी आखडलेली असते. अशा वेळी आणखी खाली बसण्याचा हट्ट सोडून आधी पोटऱ्या मोकळ्या करा.

खोलीचा मोह फार. मांड्या जमिनीला समांतर हे पवित्र्याचं पूर्ण रूप आहे, सुरुवातीचं नव्हे. गुडघा जितका जास्त वाकतो तितका वाटीवरचा दाब वाढतो, आणि अशा स्थितीत स्थिर उभं राहिलं की तो दाब क्षणभरही हलका होत नाही. म्हणून सुरुवातीला खुर्चीच्या उंचीपेक्षा बरंच वर थांबा. तीस सेकंद उभं राहायचं, एक मिनिट विश्रांती, असं चार वेळा. दर आठवड्याला दहा सेकंद वाढवा. नाकाने शांत श्वास घेत सलग दोन मिनिटं जमली की दोन बोटं खाली जा आणि वेळ पुन्हा निम्मी करा. खाली जाणं आणि वेळ वाढवणं एकाच आठवड्यात कधीही करू नका.

मांडीत आग होणं ठीक. पाय थरथरणंही ठीक. ‘ची (प्राणशक्ती) जागी झाली’ असं कुणी सांगितलं तरी ते थकलेल्या स्नायूंचं काम आहे. वाटीच्या पुढे किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर मात्र त्या दिवशी तिथेच थांबा. आणि श्वास कोंडू नका. कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब चढतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एखादं साधं वाक्य न धापता बोलता येत नसेल तर तुम्ही फार खाली बसला आहात.

ची कुंग या श्वास आणि शरीराच्या चिनी व्यायामपद्धतीतलं खांबासारखं उभं राहणं, जान-ज्वांग, दिसायला सोपं. पावलं खांद्यांइतकी दूर, गुडघे जेमतेम सैल, हात छातीसमोर झाडाला मिठी मारल्यासारखे, कोपर मनगटापेक्षा थोडं खाली. पाच मिनिटांपासून सुरुवात, काही महिन्यांत वीस. इथेही खुबाच बघायचा: उंच स्टुलाच्या कडेला टेकल्याइतपतच तो दुमडलेला हवा. गुडघे मागे ताठ केले की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलण्याचं काम नीट करत नाहीत, आणि चक्कर येते. बोटांना मुंग्या आल्या तर आनंदून जाण्याआधी खांदे वर चढले आहेत का ते बघा.

हा प्रकार आज जगभर शिकवला जातो, त्यात वांग श्यांगजाइ (१८८५–१९६३) या चिनी युद्धकला-शिक्षकाचा मोठा वाटा आहे, आणि ते शाओलिनचे नव्हते. शाओलिनशी जोडला जाणारा ग्रंथ आहे ई-चिन-चिंग, म्हणजे स्नायू-परिवर्तनाचा ग्रंथ. त्याचं श्रेय बोधिधर्माला, म्हणजे चीनमध्ये झेन नेला असं मानल्या जाणाऱ्या भिक्षूला, देतात, पण मजकूर सापडतो १६२४ च्या सुमाराचा. मठ उभा राहिला ४९५ मध्ये, बातुओ या भारतीय भिक्षूसाठी. ६२१ मध्ये मठाच्या भिक्षूंनी ली शिमिनला, म्हणजे पुढच्या थांग सम्राटाला, लढाईत मदत केली, त्याची नोंद ७२८ च्या शिलालेखात आहे. आणि मिंग काळात (१३६८–१६४४) भिक्षूंचं नाव गाजलं ते मुख्यतः काठीसाठी. म्हणजे नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बोधिधर्माने हे व्यायाम दिले ही गोष्ट गोड असली तरी इतिहास नव्हे. व्यायाम चारशे वर्षांचा निघाला म्हणून तो कमी उपयोगाचा होत नाही.

बसण्याकडे वळू. संस्कृत ध्यान, चिनी चान, जपानी झेन हा एकाच शब्दाचा प्रवास. झाझेनमध्ये, म्हणजे झेनच्या बसून करायच्या ध्यानात, गादीवर एक जाड, गोल उशी असते. तिच्या मधोमध नव्हे, पुढच्या तिसऱ्या भागावर बसायचं, म्हणजे ओटीपोट पुढे झुकतं आणि दोन्ही गुडघे गादीला टेकतात. गुडघा हवेत राहिला तर उशी उंच करा. गुडघा हाताने खाली दाबणं हा सांधा बिघडवण्याचा खात्रीचा उपाय आहे. खुबा गुडघ्यापेक्षा खाली गेला की कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो आणि श्वास छातीत चढून बसतो. मग माणूस मनाशी भांडत बसतो, आणि दुखणं असतं उशीचं.

डोळे अर्धे उघडे, नजर समोर जमिनीवर साधारण एक मीटरवर. डाव्या हाताचा तळवा उजव्यावर, अंगठ्यांची टोकं एकमेकांना कागद धरल्यासारखी हलकेच टेकलेली. अंगठे खाली पडले की पेंग आली, वर टोकदार झाले की ताण आला. दुसऱ्याने सांगायची गरज उरत नाही. उच्छ्वास एक ते दहा मोजा, चुकलं की पुन्हा एक. मोजण्यासाठी श्वास लांबवू नका. श्वासावर जबरदस्ती केली की डोकं जड होतं. असल्याच अतिरेकातून आलेल्या दुखण्याला जपानी झेन गुरू हाकुइन (१६८६–१७६९) यांनी झेन-आजार म्हटलं होतं.

चाळीस मिनिटांची बैठक संपल्यावर झटकन उठू नका. बधिर पावलाला जमीन कळत नाही आणि घोटा मुरगळतो. दोन्ही हात जमिनीवर टेका, पाय लांब करा, मुंग्या ओसरू द्या. मगच उभं राहून एका श्वासाला अर्धं पाऊल या गतीने चालायला लागा.