सिस्टर, तुमचा इनटेक किती?

अंघोळ झाली, जेवण झालं, पाठ टेकली, तरी त्या पोरीचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

नर्सिंगच्या फर्स्ट इयरची आहे. नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे शरीरात पाणी किती गेलं आणि किती बाहेर आलं याचा हिशोब, तिला शिकवत होते. तोंडावाटे किती, सलाईनमधून किती, अँटिबायोटिकची शंभर मिलीची बाटली हिशोबात धरायला विसरायचं नाही. युरोबॅगवरच्या, म्हणजे लघवी साठवायच्या पिशवीवरच्या खुणांवर भरवसा ठेवायचा नाही, मापाच्या भांड्यात ओतून, डोळे त्या रेषेला आणून वाचायचं. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली तरी लघवी व्हायला हवी. कमी होत राहिली की डॉक्टरांना कळवायचं. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि अगदी सरळ विचारलं, "सिस्टर, सकाळपासून तुमचा इनटेक किती झाला?"

मी काहीच बोलले नाही. ड्रेसिंगची ट्रॉली लावायला घेतली आणि डोळे भरून आले.

कशाला यावेत? प्रश्न साधा होता. उत्तर मला पाठ होतं: राऊंडच्या आधी अर्धा कप चहा. अकोल्याचा मे महिना, बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला, आणि अर्धा कप चहा.

पाणी प्यायचं राहून जातं असं आम्ही एकमेकींना सांगतो. राहून जात नाही. आम्ही ते पीत नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर एक मजला उतरून. आमच्या मजल्यावरच्या बाथरूमची कडी कधीची तुटलीय, बल्बही गेलाय. तेवढ्यात वॉर्डात काही झालं तर? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबानं शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. आमच्याकडे चाळीस खाटा, खाली गाद्यांवरचे वेगळे. सकाळी दोघी, आणि रात्री आठ ते सकाळी आठ एकटी. मग तहान मारायची सवय लागते. गेल्या उन्हाळ्यातलं ते लघवीचं इन्फेक्शन, तो थंडी वाजून आलेला ताप, आईला सांगितलंच नाही... जाऊ दे.

बारा तारखेला, नर्सेस डेला, मेणबत्त्या लावून शपथ झाली, केक झाला. नाइटिंगेलबाईंच्या फोटोकडे बघताना दरवर्षी मनात येतं, की क्रिमियाच्या युद्धाहून १८५६ मध्ये परतल्यावर ही बाई पुढची कित्येक वर्षं आजारानं अंथरुणाला खिळलेली होती. तिथूनच तिनं हिंदुस्थानातल्या छावण्यांमधल्या पिण्याच्या पाण्यावर आणि गटारांवर पानंच्या पानं लिहिली. तिच्या हातातल्या दिव्याचंच सगळे बोलतात, तिच्या आजारपणाचं कुणी बोलत नाही. शपथेतही नर्सच्या स्वतःच्या शरीराची काळजी कुठे येत नाही. आयसीएनच्या, म्हणजे नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, २०२१ च्या आचारसंहितेत मात्र नर्सनं स्वतःची प्रतिष्ठा आणि आरोग्य जपावं असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या नोटीस बोर्डावर ते कधी लागलेलं पाहिलं नाही.

पण रडू त्याचं नव्हतं. संध्याकाळभर वाटत होतं, की कुणीतरी माझी विचारपूस केली म्हणून भरून आलं. घरी तरी कोण विचारतं, असंही मनात येऊन गेलं. आता निवांत बसल्यावर तेही पटत नाही. तिच्या विचारण्यात कीव नव्हती, मायाही नव्हती. नुकतंच शिकलेलं तिनं समोरच्या माणसाला लावून पाहिलं, एवढंच. सुकलेले ओठ दिसले, विचारलं. नर्सनं नेमकं हेच करायचं असतं.

आणि हेच तिच्यातून जाईल याची मला भीती वाटली. पाणी पिऊ नकोस असं तिला कुणी शिकवणार नाही. आम्हाला बघून ती ते आपोआप शिकेल, मीही तशीच शिकले. फायनल इयरपर्यंत तिची बाटली बॅगेतच राहायला लागेल.

ते होऊ द्यायचं नाही. पदं भरणं माझ्या हातात नाही, त्यासाठी किती निवेदनं गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण राऊंड संपला की दहा मिनिटं एकीनं वॉर्ड बघायचा आणि दुसरीनं जाऊन यायचं, हे इनचार्ज ताईंशी बोलता येईल. त्या नाही म्हणणार नाहीत, त्यांचेही पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. रात्रीचं मात्र सोपं नाही. तेव्हा खालच्या वॉर्डातून कुणी वर यायला हवं, आणि ते मेट्रन मॅडमच ठरवू शकतात. कडी, बल्ब आणि रात्रीची बदली, तिन्ही एकाच अर्जात घालते. सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आहेत. बुधवारी मॅडम भेटतात.